सकाळचा कौल

आमच्या घरात माणसं चार होती, पण निर्णय घेणारा पाचवा होता आणि तो गावाकडं राहायचा. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं मूळ गाव. तिथल्या लहानशा दगडी देवळात भैरोबा बसलेला. कमरेएवढा काळा दगड आणि त्याला चांदीचे दोन डोळे. लग्न, घर, म्हैस, ऑपरेशन, काहीही निघालं की आमचे वडील, म्हणजे आबा, एवढंच म्हणत, "देवाला विचारू." विचारायची रीत अशी, की राऊ गुरव तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचा. मग सगळ्यांनी हात जोडून बसायचं. उजव्या खांद्यावरची आधी पडली तर हो, डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. याला कौल म्हणायचं. एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही, हा एक नियम. कौल मिळेपर्यंत विचारणाऱ्यानं पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हा दुसरा. हा दुसरा नियम वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावा. माझ्या जन्मभराच्या रागाचं मूळ त्यातच आहे.

आमचा देव फार नाही म्हणायचा. आजोबांना पलटणीत जायचं होतं, नाही. गावाकडचा खडकाळ तुकडा विकून शहरात घर बांधायचं होतं, नाही. आबांना सायकल घ्यायची होती, तीही नाही, म्हणून ते जन्मभर चालत राहिले आणि चालणं तब्येतीला कसं चांगलं ते लोकांना सांगत राहिले. आई म्हणायची, आपला देव जपणारा आहे, उगाच कुणाला कुठं जाऊ देत नाही. मला लहानपणी याचा अभिमान वाटायचा. दुसऱ्यांचे देव प्रसाद घेऊन गप्प बसतात, आमचा तोंडावर सांगतो.

आबांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान महाद्वार रोडच्या गर्दीपासून दोन बोळ आत होतं. पुढं दुकान, मागं आम्ही. सकाळ उजाडायची ती आवाजांनी. शेजारच्या गोठ्यात म्हशीच्या धारा चालू, रस्त्यावर टांग्याची टापटाप, आणि दुकानाच्या कट्ट्याला लागून दस्तगीरचाचांचा भाता. चाचा कल्हईवाले. त्यांचं घराणं तीन पिढ्या आमच्या गल्लीत. कापसाचा बोळा नवसागरात बुडवून त्यांनी तापल्या पातेल्यात फिरवला की पांढरा धूर उठायचा, सगळ्यांना खोकला यायचा आणि काळं पातेलं चांदीसारखं हसायचं. मागं आईचा बुधवारचा मटणाचा रस्सा उकळत असला की कांदा-खोबऱ्याचा वास आणि नवसागराचा धूर यांची मारामारी व्हायची. आजही कुठं दोन्ही एकत्र आलं तर मी उभी राहते. पण आता कल्हई कुठं राहिली आहे.

मी वच्छी. दुकानाच्या उंबऱ्यावर बसून मी घासाघीस शिकले. आबा भिडस्त होते. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की उतरायचे. मी बाराव्या वर्षी बोलायला लागले आणि सोळाव्या वर्षी आबांनी मोठं गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायला सुरुवात केली. "वच्छे, बघ गं हे पावणं काय म्हणत्यात." मी यायची, घागर उलटी करायची, बुडावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "पावणं, आवाज ऐका. ह्यो आवाज तुमच्या नातवाला पन ऐकू येनार हाय." संताप माझा तेव्हापासूनच नाकावर. एकदा एका माणसानं फारच पाडून मागितलं तेव्हा मी त्याच्या हातातली कळशी काढून घेतली आणि सांगितलं, तुला मातीचीच बरी. तो दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलेल्या भावानं घेऊन गेला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न कागलला झालं, नवरा तापानं गेला आणि ती एक ट्रंक घेऊन एकविसाव्या वर्षी परत आली. ती मॅट्रिक होती, अक्षर मोत्यासारखं. मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला, तसं पत्रही आलं. आबांनी पत्र दोनदा वाचलं, त्यांचा चेहरा फुलला होता, मी पाहिला आहे. मग ते म्हणाले, "रविवारी देवाला विचारू." आम्ही पहिल्या एस.टी.नं गेलो. साडेआठला कौल लावला आणि डावी पाकळी टपकन पडली. अक्का रडली नाही. घरी येऊन तिनं ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि भाकऱ्या थापायला बसली. पुढची चार वर्षं पीठ काढताना डबा उचलला की तो कागद दिसायचा. त्याला हात लावायचा नाही, असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं.

तर त्या सुमाराला बाजारात स्टील आलं. घासायला नको, कल्हई नको, आंबट टिकतं. बायका पितळेला हात लावून स्टीलकडं बघायच्या. मला दिसत होतं की आमच्या दुकानाचं दहा वर्षांत पितळी म्युझियम होणार. आणि अगदी त्याच वेळी कागलच्या एस.टी. स्टँडसमोर, हमरस्त्याला लागून, एक दुकानगाळा रिकामा झाला. म्हातारा मालक अक्काच्या सासरच्यांच्या ओळखीचा. तो मला म्हणाला होता, "पोरी, तू बसनार असशील तर तुला देतो. तुझ्या जिभेवर माझा भरवसा हाय. पन सोमवारच्या आत सांग, मागं एक कापडवाला लागलाय." मला त्या रात्री झोप आली नाही. पुण्या-बंगळूरचा रस्ता, दिवसभर गाड्या थांबणार, माणसं उतरणार आणि समोर माझं लखलखतं दुकान.

मी आबांना सांगितलं. "आबा, मी बसतो तिथं. अक्काला सोबतीला नेतो." आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'बसतो, जातो'च म्हणतो, बाहेरच्यांनी दचकू नये. आबांनी पान लावता लावता हात थांबवला. डोळ्यांत तीच चमक, अक्काचं पत्र वाचताना होती ती. मला वाटलं, आता म्हणतील, जा. ते म्हणाले, "आयितवारी देवाला विचारू."

 मी कट्ट्यावर जाऊन बसले. दस्तगीरचाचा एका परातीला कल्हई करत होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काय गं, कोन मेलं?"

"अजून कोन न्हाय. आयितवारी मरनार हाय मी. कौल हाय."

"मग मला घेऊन जा की. माझ्या म्होरं लावलेला कौल आजवर डावा गेला न्हाय."

चाचा महिन्यातून एकदा आमच्या गावी जात आणि देवळासमोरच्या पटांगणात भाता लावून बसत. मी चिडून म्हटलं, "चाचा, चेष्टा नको."

"चेष्टा कशाला करू? राऊ गुरव मला च्या पाजतोय त्याचा. मी दुपारच्याला पोचतो. रानातनं सुटून मजुरीची मानसं येत्यात, कौल लावत्यात, आनि उजवाच. गावात म्हनत्यात, दस्तगीरचा पायगुन हाय. तुमचा देव राजी व्हतोय आमच्यावर आनि आमची बायको न्हाय व्हत." ते स्वतःच खूप हसले.

मी हसले नाही. 'दुपारच्याला' हा शब्द माझ्या डोक्यात टिचकी मारल्यासारखा वाजला. घागर फुटकी असली की आवाज बदलतो, तो मला झोपेतही कळतो. मी डोळे मिटून देऊळ आठवलं. भैरोबा दक्षिणेकडं तोंड करून बसलेला. त्याच्या डाव्या हाताला, पूर्वेच्या भिंतीत, वीतभर झरोका. सकाळचं ऊन त्यातून सरळ त्याच्या डाव्या खांद्यावर. उजवा खांदा अंधारात, गार, ओला. आणि दुपार कलली, की दारातून तिरपं ऊन आत येऊन उजव्या खांद्यावर चढणार.

समोरच्या घरी तगर होती. मी पाकळ्या तोडल्या, दुकानातला मोठा तांब्याचा हंडा पालथा घातला, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. दोन पाकळ्या भिजवून चिकटवल्या आणि बसले. उन्हातली पडली. हंडा फिरवला, पुन्हा उन्हातलीच. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हटलं, थांबा. सहा वेळा केलं आणि सहाही वेळा उन्हातलीच आधी सुकून पडली. पूर्ण सावलीत ठेवला तेव्हा कधी ही, कधी ती. मला त्या बोळात नाचावंसं वाटलं. आजोबांची पलटण, गावाकडचा तुकडा, आबांची सायकल, सगळं एका वीतभर भोकानं खाल्लं होतं. उपाशीपोटी विचारायचं म्हणून आमचं घर कायम सकाळी जाणार, आणि सकाळी देव कायम नाही म्हणणार. मजुरीची माणसं काम टाकून सकाळी येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना हो. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या शिस्तीनं, नेमानं, आंघोळ करून नाही ऐकून आल्या होत्या.

मग आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. अक्का. आणि माझा आनंद तिथंच करपला. उठून आबांसमोर हंडा आदळावा असं वाटलं. पण मी दुकानदार होते. सौदा व्हायच्या आधी आपला हिशेब समोरच्याला दाखवायचा नसतो. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते, मला देवाची माफी मागायला लावली असती आणि त्यासाठीही सकाळीच नेलं असतं.  मला फक्त आम्हा तिघांचं, म्हणजे आबा, अक्का आणि माझं, देवळात पोचणं दुपारपर्यंत लांबवायचं होतं.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. थंडी होती. स्टँडजवळ नारळवाली बसली होती. मी खाली बसले आणि एकेक नारळ कानाशी धरून हलवायला लागले. आबा घाईला आले. "वच्छे, एका नारळापायी गाडी चुकवतीस?"

"आबा, देवाचा नारळ हाय. नासका निघाला म्हंजे?"

मी चाळीस नारळ हलवले. मग भावावरून भांडले. नारळवालीही खमकी, म्हणाली, "लगीन करतीयास का नारळाशी?" मी म्हटलं, "तुझ्या भावानं नवरा परवडंल, नारळ न्हाय." आमचं रंगात आलं होतं तेव्हा मागं पहिली गाडी धूर सोडत गेली. आबांनी कपाळाला हात लावला. पुढची साडेदहाला. त्या साडेचार तासांत आबा उपाशी, स्टँडवरची भजी तळताना बघत उभे. मला वाईट वाटत होतं, पण चार वर्षांपूर्वीचं टपकन मला अजून ऐकू येत होतं.

गावात पोचेतो साडेबारा. राऊ गुरव जेवायला बसलेला. तो हात धुऊन येईतो एक वाजून गेला. म्हणाला, "आज उशीर केला म्हनायचा आबा. सकाळचा कौल गोड असतोय." मी आत डोकावले. झरोका थंड पडला होता, पण दारातलं ऊन अजून फरशीवरच होतं, देवाच्या पायाशी. अर्धा-पाऊण तास तरी हवा होता. आबा म्हणाले, "लाव बाबा लवकर, घेरी याला लागलीया." आणि मी, जिचा त्या दगडावरचा विश्वास चार दिवसांपूर्वी हंड्यावर सुकून पडला होता, ती म्हणाले, "आबा, मी एकवीस प्रदक्षिणा बोललोय."

देवाचं नाव पुढं केल्यावर आबा काय बोलणार. मी चालायला लागले. एवढ्या सावकाश प्रदक्षिणा त्या देवळाला कुणी घातल्या नसतील. प्रत्येक फेरीला दारातून आत नजर टाकायची. सातव्या फेरीला ऊन गुडघ्यावर, चौदाव्याला कमरेवर. अक्का पायरीवर नैवेद्याची टोपली धरून माझ्याकडं टक लावून बघत होती. एकविसाव्या फेरीला भैरोबाचा उजवा खांदा पितळेसारखा पेटला होता. मी आत जाऊन बसले. छातीत भाता चालू होता.

राऊनं पाकळ्या लावल्या. आबांनी डोळे मिटून विचारलं, पोरीनं कागलला दुकान घालावं का.  उजवी पाकळी कडेनं वळायला लागली आणि तेवढ्यात एक माशी आली. घोंघावली आणि डाव्या पाकळीवर बसली. डावी हलली. माझं सगळं शास्त्र त्या माशीच्या सहा पायांखाली होतं. लोक मला विचारतात, तुम्ही कधीच देवाला हात जोडले नाहीत का? देवाला नाही जोडले. त्या माशीला जोडले, मनापासून. ती उडाली. डावी होती तिथंच राहिली, आणि उजवी सुटून गिरकी घेत खाली आली.

"उजवी दिली देवानं," राऊ म्हणाला.

आबा रडायला लागले. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या मनात व्हतंच गं पोरी. पयल्या दिवसापास्नं व्हतं."

मी म्हटलं, "मग तुमीच का न्हाय म्हनला, जा म्हनून?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. भाबडेपणानं माझ्याकडं बघत ते म्हणाले, "मी कोन म्हननारा?"

हे वाक्य मी पंचावन्न वर्षं वाहते आहे. धर्म माणसाच्या स्वातंत्र्याच्या आड येतो का, यावर शहाणी माणसं माझ्याशी वाद घालतात. म्हणतात, श्रद्धा ज्याची त्याची, बंधन कुठं आहे. मी त्यांना माझे आबा दाखवते. त्यांच्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. प्रेमळ माणूस, दोन्ही मुलींसाठी मनात हो घेऊन जगला, पण ते हो त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणता आलं नाही. कागलच्या दुकानावर पाटी लागली तीही भैरोबाच्या नावाची. मी उन्हाचा हिशेब मांडला, चाळीस नारळ हलवले, एकवीस फेऱ्या घातल्या, आणि गल्लीत सांगितलं गेलं की देवानं पोरीचं कल्याण केलं. आबा गेल्यावर पाटी बदलली, पण तोवर तिचा रंग उडाला होता आणि माझी त्यातली हौसही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आबा तीन भाकरी खाऊन पुढच्या बाकावर घोरत होते. मी अक्काला सगळं सांगितलं. झरोका, हंडा, चाचा, नारळ. एवढ्या जोशात सांगितलं की मागची बाई वाकून ऐकायला लागली. मला वाटलं, अक्का चिडेल, आबांना उठवेल, उद्याच दुपारी चल म्हणेल. पण एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही, हे तिला माझ्याहून पाठ होतं. तिनं एवढंच विचारलं, "माझ्या वेळंला किती वाजलंतं?"

"साडेआठ."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. उसाची रानं मागं पळत होती. मग म्हणाली, "आबास्नी भूक लागलीती तवा."

त्यात राग नव्हता, म्हणून तो मला धरावा लागला. ती माझ्याबरोबर कागलला आली आणि चाळीस वर्षं दुकानात बसली. तिच्या येण्यासाठी कुणी कौल लावला नाही. सामानासाठी कुणी लावत नाही. मोत्यासारख्या अक्षरात ती स्टीलच्या डब्यांवर गिऱ्हाइकांच्या पोरींची नावं घालायची.

मागच्या वर्षी गावातून तिघं जण आले. देवळाचा जीर्णोद्धार काढला आहे, म्हणाले, तुमचा हात सढळ आहे, आबांच्या नावानं फरशी घाला. मी म्हटलं, फरशी घालते, शिखर बांधून देते. एक अट. पूर्वेला झरोका आहे तेवढाच पश्चिमेला पाडायचा. देवाला दोन्हीकडनं सारखा उजेड मिळू दे. त्यांनी खूप ताणलं. शिखर तेवढं घ्या, झरोक्याचं राहू द्या, म्हणाले. मी हटले नाही. शेवटी ते म्हणाले, विचारून सांगतो.

दोन आठवड्यांनी परत आले, तोंडं उतरलेली. "ताई, देव नको म्हनतोय. डावी पडली."

मी विचारलं, "कवा लावला कौल?"

"सकाळी की. उपाशीपोटी, नेमानं."

माझ्या डोक्याची शीर उडाली. मी खुर्चीतून उठलेही असेन. तेवढ्यात अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली. ऐंशी ओलांडली आहे, पाठ वाकली आहे. तिनं त्या तिघांकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "आज जेवून जावा. आनि दुपारच्याला परत इचारा. तुमचा देव दुपारी हो म्हनतोय."

त्यांतला मोठा नम्रपणे म्हणाला, "अक्का, एकदा इचारलेलं परत इचारत न्हाईत."

"ठावं हाय मला," अक्का म्हणाली, आणि तिनं तीन ताटं मांडली.